पान एकशे बारा, ओळ अठरा

तमाम वाचकांस, आमच्या सोसायटीच्या सभासदांस आणि विशेषतः दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशांस कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या हातून एक खून झालेला आहे. खून पूर्वनियोजित होता. त्याला तीन महिने लागले, दोनदा पुनर्लेखन करावे लागले आणि संपादकांनी तो जसाच्या तसा दिवाळी अंकात छापला. मयत इसम पाडव्याच्या सकाळी सात वाजता मला जिन्यात भेटला. त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

"वाचली," मयत म्हणाला. "चार चुका आहेत. संध्याकाळी ये."

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. बोरिवलीतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. म्हणजे घरी जायचं तर मयताच्या दारावरूनच जावं लागतं. पुढचे अडीच महिने मी ते दार कसं ओलांडलं ते माझं मला माहीत.

मयत म्हणजे आमचे काका. नात्यानं कुणीच नाहीत, पण माझ्या आयुष्यातले निम्मे शब्द त्यांनी दिलेले आहेत. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. सोप्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत. तीस वर्षांपूर्वी मी बी.कॉम. होऊन घरी पंख्याखाली पडलेलो असताना त्यांनी मला उचललं. "आवाज बरा आहे तुझा. दुपारी खाली येत जा."

काम असं. लेखकाचं मूळ हस्तलिखित माझ्या हातात, छापखान्यातून आलेलं प्रूफ त्यांच्या हातात. मी मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि त्यांनी ताडून पाहायचं. ओळ जुळली की ते पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटत. टक्. पुढे. नाही जुळली तर हात वर. मी लोकांच्या कादंबऱ्या अशा वाचल्या. नायिका विहिरीवर उभी आहे, स्वल्पविराम, मागून पावलं वाजली, उद्गारचिन्ह. सवय इतकी लागली की आईनं "जेवतोस का?" विचारलं तर मी म्हणायचो, "जेवतो स्वल्पविराम पण थोड्या वेळानं पूर्णविराम." आईला वाटलं, नोकरी नसल्यानं डोक्यावर परिणाम झाला.

वाचताना अनोळखी शब्दावरून मी घसरून पुढे गेलो की काकांचा हात वर.

"अर्थ?"

"माहीत नाही."

"मग पुढे कसा गेलास? घरात अनोळखी माणूस शिरला तर असाच पेपर वाचत बसशील?"

अर्थ ते सांगत, पण अट घालून. दुसऱ्या दिवसापर्यंत तो शब्द एका जिवंत माणसाशी बोलताना वापरायचा आणि येऊन हकिकत सांगायची. मी 'विमनस्क' हा शब्द गोराईहून टोपली घेऊन येणाऱ्या मासेवालीवर वापरला. "मावशी, आज बोंबील विमनस्क दिसतायत." ती म्हणाली, "घरी नेऊन धू, जाईल ते." काका त्या दिवशी इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. 'उद्विग्न' मी वडिलांवर वापरला. त्याची हकिकत सांगण्यासारखी नाही.

एकच शब्द वापरायचा राहिला. 'कलेवर'.

"अर्थ?" काका म्हणाले.

"शरीर?"

"जीव गेलेलं शरीर."

दुसऱ्या दिवशी मी हात हलवत गेलो. "कुणावर वापरू काका? सगळे जिवंत आहेत."

काका हसले नाहीत. "ठेव बाजूला," म्हणाले. "त्या शब्दाची घाई करू नये."

मी तो बाजूला ठेवला. तीस वर्षं ठेवला. नोकरी लागली, लग्न झालं, फावल्या वेळात गोष्टी लिहायला लागलो, काका निवृत्त झाले. आणि गेल्या वर्षी उन्हाळ्यात, रविवारच्या दुपारी, माझ्या गोष्टीच्या शेवटच्या ओळीत तो शब्द आपल्या पायांनी चालत येऊन बसला.

गोष्ट एका निवृत्त मुद्रितशोधकाची होती. आयुष्यभर चुका खोडणारा म्हातारा हळूहळू स्वतःलाच खोडत जातो. पहाटेचा रेडिओ लावणं बंद करतो. चष्म्याची काडी तुटते ती दोऱ्यानं बांधून वापरतो. मुलगी चॉकलेटी स्वेटर पाठवते ते अंगातून काढत नाही. रोजचं शब्दकोडं सोडवतो, पण एक शब्द कोरा ठेवतो. आणि सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर सोसायटीच्या सत्यनारायणात, प्रसादाचा पहिला घास तोंडात घेतो आणि संपतो. शेवटची ओळ अशी होती: 'त्याचं कलेवर प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून होतं, आणि लोक त्याला आणखी शिरा वाढत होते.'

ही ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःच्याच खोलीत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या. बायको साक्षीला आहे.

काकांना कुणी ओळखू नये म्हणून मी चोख बंदोबस्त केला होता. गोष्टीतल्या म्हाताऱ्याला मिशी लावली होती आणि एक मजला खाली आणला होता. पाडव्यापर्यंत अख्ख्या इमारतीनं त्यांना ओळखलं.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो. काकांनी अंक पुढे सरकवला. चारही चुका खरंच होत्या. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा शब्द मीच दिला होता रे तुला."

"हो काका."

"चांगला वापरलास." ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मला वाटलं, खूश आहेत.

काकू खूश नव्हत्या. काकू मालवणच्या. पासष्ट वर्षांपूर्वी मुंबईत आल्या तरी राग आला की भाषा गावी जाते. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुका दुसरो कोण गावलो नाय मारूक?"

"काकू, ती गोष्ट आहे. खोटी."

"खोटी आसली तरी हयच बसान लिवलस ना? ह्याच घराच्या माथ्यार? वास्तू तथास्तु म्हणता, म्हायत नाय तुका?"

माहीत कसं नाही! घरात अशुभ बोलू नये, कारण भिंतीतला वास्तुपुरुष दिवसभर 'तथास्तु, तथास्तु' म्हणत असतो आणि कुठला शब्द त्याच्या तावडीत सापडेल याचा नेम नसतो, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालेलो आहे. डबा रिकामा झाला तरी आमच्याकडे 'साखर संपली' म्हणत नाहीत, 'साखर वाढली' म्हणतात. पण मी शिकला-सवरलेला माणूस. हसून वर गेलो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काका चष्मा घालून जिन्यात दिसले. उजव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

"हे काय काका?"

"पडला. तुटली काडी."

योगायोग, मी म्हटलं. दहा दिवसांनी पुण्याच्या मुलीकडून पार्सल आलं. बायकोनं वर येऊन सांगितलं, "काकांना स्वेटर आलंय." मी रंग विचारला नाही. तिनंच सांगितला.

मग मला आठवलं की पहाटे खालून रेडिओ ऐकू येऊन बरेच दिवस झालेत. आणि एका सकाळी त्यांच्या दाराबाहेर रद्दीचा गठ्ठा दिसला. सगळ्यात वर आदल्या दिवसाचा पेपर, शब्दकोड्याचं पान बाहेर दुमडलेलं. सुंदर, गोल अक्षरात सगळं भरलेलं. एक शब्द कोरा. चार अक्षरी. मी तिथे जिन्यात उभा राहून उत्तर काढलं, कारण डोकं थांबेना. तोच शब्द. मग पेन्सिल खिशात नाही हे लक्षात येऊन मला केवढं हायसं वाटलं.

सगळ्यात वाईट तो आवाज. दुपारी मी सुट्टीला घरी असलो की खालून यायचा. टक्. रोज नाही. चष्म्याची काडी तुटली तेव्हा एकदा, स्वेटर आलं तेव्हा एकदा. मी बायकोला म्हटलं, "ऐकलंस?" ती म्हणाली, "काय?" गोष्टीत असा आवाज मी लिहिलेला नव्हता. तो माझ्यासाठी वेगळा येत होता.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तर स्वेटर काकांच्या अंगावर झुलत होतं, इतके ते आत वाळले होते. डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. काकूंनी तिळगूळ घेतला नाही. त्या सरळ कपाटाकडे गेल्या आणि अंक आणून माझ्या मांडीवर टाकला. माझीच गोष्ट उघडली होती. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. रेडिओपुढे बरोबरची खूण. चष्म्यापुढे. स्वेटरपुढे. कोड्यापुढे. फक्त शेवटच्या परिच्छेदाचा समास कोरा.

"काका, हे काय चालवलंय?"

"ताडून पाहतोय," काका शांतपणे म्हणाले.

"कशाशी?"

"मूळ प्रतीशी." त्यांनी अंकाकडे मान हलवली. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "हे प्रूफ."

माझ्या हातातला तिळगूळ चिकट झाला होता.

"मी मुद्दाम काही करत नाही हां," ते म्हणाले. "चष्मा खरंच पडला. स्वेटर मी मागितलं नव्हतं. रेडिओ लावायचा विसरलो आणि मग लक्षात आलं की हे छापलेलं आहे. मी फक्त खूण करतो. चाळीस वर्षं केलंय तेच. जुळलं नाही तर मला अन्न गोड लागत नाही, तुला माहीत आहे."

"अहो, पण गोष्ट खोटी असते!"

"गोष्ट खोटी नसते रे. शुद्ध असते, नाहीतर अशुद्ध असते. तुझी शुद्ध आहे. चार चुका सोडून."

मला आयुष्यात इतकी भयंकर शाबासकी मिळालेली नाही.

सव्वीस जानेवारीला बारा दिवस होते. काकू मधेच, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "पयलां छापान चुकला तर तुम्ही चिठी चिकटवत होतास ना पुस्तकात?"

काकांनी मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत तो जुना, हात वर करण्याआधीचा भाव दिसला. "शुद्धिपत्र," ते म्हणाले.

जुन्या पुस्तकांत शेवटी एक चिटोरं डकवलेलं असायचं. पृष्ठ अमुक, ओळ तमुक, याऐवजी असे वाचावे. छापून गेलेली गोष्ट बदलण्याचा काकांच्या जगातला तो एकमेव कायदेशीर मार्ग.

"पण त्याला लेखकाची कबुली लागते," काका म्हणाले. "चूक माझी, असं त्याला म्हणावं लागतं."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली. आता खरं सांगतो, कारण खुनाची कबुली दिलीच आहे. मी लगेच हो म्हटलं नाही. ती ओळ माझी सगळ्यात चांगली ओळ होती. टाळ्या घेतलेली ओळ. काकू माझ्याकडे बघत होत्या, काकांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं, आणि मी मनात म्हणत होतो, दुसरी कुठली तरी ओळ चालेल का?

"चूक माझी," मी म्हटलं.

मजकूर ठरवायला तीन दुपारी गेल्या. मी लिहून न्यायचो, काका खोडायचे. 'त्याच्या डोळ्यांत नवी पहाट उजाडली' हे तर त्यांनी वाचलंसुद्धा नाही, नाक मुरडून परत दिलं. शेवटी मी लिहिलं: 'पान एकशे बारा, ओळ अठरा. "त्याचं कलेवर" येथपासून शेवटापर्यंतच्या मजकुराऐवजी "घास गिळून तो म्हणाला," असे वाचावे.'

"काय म्हणाला?" काका.

"ते मी कसं सांगू? म्हणणारे तुम्ही."

"वाक्य अपुरं आहे."

"तुम्ही पुरं करा. सव्वीस तारखेला."

त्यांनी पेन्सिल हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि टेबलावर आपटली. टक्. मग म्हणाले, "पण प्रत्येक प्रतीत लागायला हवं. एकही प्रत राहिली तर ते शुद्धिपत्र नव्हे." छापलेल्या सगळ्या प्रती शोधणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. घासाघीस करून आम्ही इमारतीतल्या प्रतींवर आलो.

झेरॉक्सवाल्याकडून पट्ट्या कापून घेतल्या आणि खळीची डबी घेऊन मी दारोदार फिरलो. "काय आहे?" "शुद्धिपत्र." "वर्गणी आहे का?" "नाही, फुकट." लोकांनी फुकट म्हटल्यावर लावू दिलं. स्टेशनजवळच्या वाचनालयाची प्रत इमारतीतल्याच एकांकडे होती, तीही झाली. पंचवीस तारखेला सकाळी एकच राहिली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "ती आईनं नेली. दहिसरला. नदीपलीकडे."

रिक्षा करून गेलो. वहिनींची आई पंचाहत्तरीची, एकटी राहणारी बाई. दार उघडून तिनं माझं येण्याचं कारण ऐकून घेतलं, पाणी दिलं, अंक आणला आणि मांडीवर घेऊन बसली. त्यावर हात ठेवून.

"मी नाही लावू देणार," ती म्हणाली.

"मावशी, एक छोटी पट्टी आहे."

"चार वेळा वाचली मी तुमची गोष्ट. दर वेळी रडले. आता तुम्ही म्हणताय ते चुकून छापलं. मग मी चुकून रडले का?"

मी खळीची डबी बाजूला ठेवली.

"आमचे हे असेच गेले. खुर्चीत. हॉस्पिटलमध्ये सगळे बॉडी, बॉडी म्हणत होते. बॉडी कधी नेणार, बॉडीला नातेवाईक कोण. पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि बॉडी." तिनं अंक उघडला, अठराव्या ओळीवर बोट ठेवलं. "हा शब्द मला माहीत नव्हता. जावयाला विचारला. त्यालाही नव्हता, त्यानं कुठूनतरी काढून सांगितला. कलेवर. मग मी हॉलमध्ये जाऊन मोठ्यानं म्हटला, ह्यांच्या फोटोसमोर. किती बरं वाटलं सांगू? इतक्या वर्षांनी कुणीतरी नीट उचलून ठेवल्यासारखं."

तीस वर्षांपूर्वीची काकांची अट मला आठवली. शब्द माणसाशी बोलताना वापरायचा. या बाईनं माझ्यापेक्षा चांगला वापरला होता.

मी पाणी प्यालो. पट्टी खिशात घालून परत आलो.

काका दारातच उभे होते. "सगळ्या झाल्या?"

"सगळ्या."

"दहिसरची?"

"झाली."

'गोष्ट खोटी नसते' म्हणणाऱ्या माणसाला मी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली आणि तीन पायऱ्या चढल्यावर मला खालून आवाज आला. टक्. हातात पेन्सिल होती का, मी वळून पाहिलं नाही.

सव्वीसच्या सकाळी इमारतीच्या आवारात नेहमीचीच मांडामांड होती. झेंडा, भाड्याच्या लाल खुर्च्या, केळीचे खांब, कर्ण्यातून खरखरणारी कथा. फरक एवढाच की कुणीही झेंड्याकडे बघत नव्हतं. शुद्धिपत्र घरोघरी गेल्यामुळे अख्ख्या सोसायटीला ओळ अठरा पाठ झाली होती. चॉकलेटी स्वेटर घातलेले, दोऱ्याचा चष्मा लावलेले काका पहिल्या रांगेत ताठ बसले होते आणि आम्ही सगळे देशभक्त त्यांच्याकडे बघत जनगणमन म्हणत होतो.

प्रसाद या वर्षी काकूंनीच करायचा हट्ट धरला होता. दुसऱ्या कुणाच्या हातचं काही काकांच्या तोंडात जायला नको होतं. सव्वा किलोचा शिरा, मोठी कढई. पण दर दोन मिनिटांनी त्या गॅस सोडून जिन्याच्या खिडकीत यायच्या, खाली खुर्चीकडे बघायच्या, आणि परत पळायच्या. मी मोजत नव्हतो, पण दिसत होतं.

आरती झाली. काकूंनी पहिला द्रोण स्वतः आणून काकांच्या हातात दिला आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या, त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, जणू कुणी ओढून नेणार आहे. गुरुजीसुद्धा थांबले. माझ्या खिशात दहिसरची पट्टी होती. मी ती मुठीत धरली आणि त्या वेळी, हसू नका, मी वास्तुपुरुषाशी बोललो. म्हटलं, बाबा रे, त्या एका प्रतीत असू दे मेलेला. त्या बाईला लागतोय तो. इथला सोड.

काकांनी घास घेतला.

त्यांचे डोळे मिटले. मान थोडी मागे गेली, अगदी मी लिहिली होती तशी. जबडा हलला नाही. काकूंची बोटं स्वेटरात रुतली. मागच्या रांगेतलं एक मूल काहीतरी बोललं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. कर्ण्याची खरखर तेवढी ऐकू येत होती. मला पृष्ठ दिसलं, ओळ दिसली, तो शब्द दिसला, आणि तो मी लिहिला होता.

मग काकांचा गळा हलला. घास खाली गेला. चेहरा आक्रसला, भुवया वर चढल्या, आणि तीस वर्षं मी ओळखत असलेला उजवा हात खुर्चीच्या हातावरून सुटून सरळ हवेत वर गेला.

"शिरा करपलाय!"